सही केलेली प्रिंटिंग प्लेट: घेण्याआधी, हातात आल्यावर आणि विकताना

बेसबॉल कार्ड म्हणजे खेळाडूचा फोटो छापलेलं, पाकिटात विकलं जाणारं आणि हौसेने जमवलं जाणारं कार्ड. ते ज्या पत्र्यावरून छापतात ती प्रिंटिंग प्लेट हातात घेतली की आधी जाणवतो तो पत्र्याचा गारवा. अडीच बाय साडेतीन इंचांचा ॲल्युमिनियमचा पातळ तुकडा. कडेला कापल्याची बारीक धार, समोर एकाच रंगात उमटलेला खेळाडू आणि मागे कंपनीचं स्टिकर. स्टिकरवर १/१ छापलेलं असतं, म्हणजे अशी वस्तू जगात एकच. अमेरिकेतल्या कार्डबाजारात नव्याने उतरलेला माणूस नेमका इथे पैसे घालवतो, कारण ‘एकच’ आणि ‘महाग’ या दोन गोष्टी त्याला सारख्याच वाटतात.

तशा त्या नाहीत, आणि याचं कारण छपाईतच आहे. ऑफसेटवर रंगीत कार्ड छापायला चार प्लेटा लागतात: निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. छापखान्यातली माणसं त्यांना सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक म्हणतात. पुढची बाजू आणि मागची बाजू धरली तर आठ. आपल्याकडच्या छापखान्यात काम संपलं की वापरलेली प्लेट भंगारात किलोवर जाते. अमेरिकी कार्डकंपन्यांनी तीच प्लेट कार्डाच्या मापात कापली, मागे स्टिकर लावलं आणि पाकिटात घातली. १९९७ च्या न्यू पिनॅकल संचात अशा प्लेटा होत्या. पुढे टॉप्ससह इतर कंपन्यांनीही हा पायंडा उचलला.

आता हिशेब करून बघा. एका कार्डाच्या पुढच्या बाजूच्या चार प्लेटा म्हणजे चार ‘एकमेव’ वस्तू. त्याच खेळाडूचं कार्ड त्या वर्षी पाच संचांत आलं तर वीस. सहीची कार्डं वेगळी, त्यांच्या प्लेटा वेगळ्या. नावाजलेला खेळाडू दहा वर्षं खेळला तर त्याच्या १/१ प्लेटा शेकड्यात मोजाव्या लागतात. प्रत्येक प्लेट एकमेव आहे हे खरं, पण घेणारा ‘या खेळाडूची एखादी प्लेट’ शोधत असतो, आणि तशी त्याला पुढच्या आठवड्यातही मिळते. म्हणून प्लेटवरचा १/१ हा आकडा आम्ही किंमत ठरवताना बाजूला ठेवतो. त्याने खरेपणाची ओळख पटते. भाव ठरतो तो खेळाडूवर, सहीवर, संचावर आणि त्या दिवशी गिऱ्हाईक कोण आहे त्यावर.

तुलना करायची तर बोमन क्रोम या टॉप्सच्या संचातल्या सहीच्या कार्डांशी करावी, कारण होतकरू खेळाडूंचा बाजार त्यावर चालतो. तिथे रंगांची उतरंड ठरलेली आहे. साधा रिफ्रॅक्टर, म्हणजे उजेडात इंद्रधनुष्यासारखं चमकणारं कार्ड, ४९९ प्रती, जांभळा २५०, निळा १५०, हिरवा ९९, सोनेरी ५०, नारिंगी २५, लाल ५ आणि शेवटी सुपरफ्रॅक्टर, तो एकच. कागदोपत्री प्लेट सुपरफ्रॅक्टरच्या पंक्तीत बसते. बाजारात मात्र ती सोनेरी किंवा नारिंगीच्या आसपास घुटमळते, कधी त्याहूनही खाली. सुपरफ्रॅक्टर झगमगतो, फोटोत उठून दिसतो, आणि संग्राहकांच्या लेखी तो त्या कार्डाचा शेवटचा टप्पा असतो. प्लेट ही छपाईची मागची बाजू. तिची गोडी असणारी माणसं आहेत, पण थोडी.

माइक ट्राउट या फलंदाजाचा २००९ चा सही असलेला सुपरफ्रॅक्टर ऑगस्ट २०२० मध्ये ३९ लाख ३६ हजार डॉलरला गेला. प्लेट विकणारे हा आकडा हमखास पुढे करतात. त्याला भुलू नये. एक तर ते सुपरफ्रॅक्टर होतं, प्लेट नव्हती. दुसरं म्हणजे त्याच २००९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या निवडीत, ट्राउट पंचविसावा होता आणि पहिला होता स्टीफन स्ट्रासबर्ग, एक पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. स्ट्रासबर्गने ८ जून २०१० ला पहिल्याच सामन्यात १४ फलंदाज स्ट्राइकआउट केले, तेव्हा त्याच्या कार्डांसाठी लोक वेडे झाले होते. सप्टेंबरात त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, म्हणजे फाटलेला अस्थिबंध नव्याने बसवावा लागला. पुढे २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेचा, तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, मात्र २०२० ते २०२२ या तीन हंगामांत मिळून आठच सामने खेळू शकला. एवढी कर्तबगारी असूनही २०१० च्या उन्हाळ्यात चढ्या भावाने घेतलेल्या त्याच्या कार्डांनी तो भाव पुन्हा दाखवला नाही. पिचरची प्लेट घेताना आम्ही म्हणूनच हात आखडतो. टॉमी जॉननंतर मैदानात परतायला बारा ते अठरा महिने जातात, आणि तेवढ्या काळात बाजार दुसऱ्या कोणाच्या तरी मागे लागलेला असतो.

खरेदीला बसताना पहिलं काम भाव काढण्याचं. ईबेवर ‘सोल्ड’ची चाळणी लावली की गेल्या साधारण तीन महिन्यांतले झालेले सौदे दिसतात. विक्रेत्याने मागितलेल्या किमतीकडे बघूच नये. वर्षभर तीच किंमत लावून बसलेल्या प्लेटा असतात. ‘बेस्ट ऑफर’ने सौदा झाला असेल तर ईबे मूळ मागणीची किंमत खोडून दाखवतं, खरा आकडा दिसत नाही, तो १३०पॉइंट या संकेतस्थळावर मिळू शकतो. तीच प्लेट आधी विकली गेलेली नसते, त्यामुळे थेट तुलना होत नाही. आमची पद्धत अशी: त्याच खेळाडूच्या, त्याच संचातल्या, सहीच्या सोनेरी ५० च्या कार्डाचे शेवटचे तीन सौदे काढायचे. सरासरी न घेता त्यातला सगळ्यात ताजा धरायचा, कारण होतकरू खेळाडूचा भाव पंधरवड्यात बदलतो. प्लेटसाठी त्याहून जास्त मोजायचं नाही. एकाच कार्डाच्या चार रंगांपैकी तीन प्लेटा आधीच पदरी असतील तर गोष्ट वेगळी, त्याबद्दल पुढे.

दुसरं काम म्हणजे वर्णन शब्दशः वाचणं. ‘ऑटोग्राफ्ड प्रिंटिंग प्लेट’ या तीन शब्दांत तीन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली, कंपनीने खेळाडूकडून थेट पत्र्यावर सही घेऊन पाकिटात घातलेली प्लेट. दुसरी, पारदर्शक स्टिकरवर सही घेऊन ते स्टिकर प्लेटवर चिकटवलेली. तिसरी, साधी, बिनसहीची प्लेट कोणीतरी घेतली, मैदानाबाहेर किंवा हॉटेलच्या दारात खेळाडूला गाठून तिच्यावर सही घेतली. तिसऱ्या प्रकारात सही खरी असू शकते, पण तिची हमी कंपनी देत नाही. पीएसए, जेएसए किंवा बेकेट यांच्यासारख्या तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र नसेल तर पुढचा गिऱ्हाईक बिनसहीच्या प्लेटचाच भाव देईल, कधी त्याहून कमी, कारण त्याच्या लेखी पत्र्यावर रेघोट्या ओढलेल्या असतात. ओळखायचं कसं? मागच्या स्टिकरवर किंवा मजकुरात सहीच्या खरेपणाची हमी कंपनीच्या नावाने छापलेली आहे का ते बघा. मागच्या बाजूचा फोटो नसेल तर मागून घ्या. दिला नाही तर सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी.

फोटो मागताना एवढं सांगावं: समोरून सरळ, मागून सरळ, आणि एक तिरक्या उजेडात, खिडकीशी धरून. सरळ फोटोत पत्र्यावरचे ओरखडे लपतात, तिरक्या उजेडात केसाएवढी रेघसुद्धा चमकते. चारही कोपरे जवळून. कागदी कार्डाचा कोपरा झिजतो तसा पत्र्याचा झिजत नाही, तो वाकतो. आणि एकदा वाकला की सरळ करायला गेलं तर आतली घडी पांढरी रेघ होऊन उरते. कोपरा ‘जरासा वाकला आहे, दाबून बसेल’ असं कोणी लिहिलं असेल तर ते बसत नाही.

प्लेट घरी आली की पहिला अर्धा तास तपासणीचा. सुती हातमोजे नकोत, ते पत्र्यावर घसरतात आणि धारेत धागा अडकतो. नायट्राइलचे घालावेत. बोटांचा घाम ॲल्युमिनियमवर डाग पाडतो. तो आज दिसत नाही, महिन्यांनी बोटाचा ठसा उमटून येतो.

मग अक्षरं बघायची. ऑफसेटमध्ये प्लेटवरचं चित्र आधी रबरी ब्लँकेटवर उलटं उमटतं आणि तिथून कागदावर सुलट. त्यामुळे प्लेटवर खेळाडूचं नाव आणि जर्सीवरची अक्षरं सहसा सुलटच वाचता येतात. रबरी शिक्क्यासारखी उलटी दिसली तर थांबून दहा वेळा विचार करावा. त्यानंतर दहापट भिंग लावून रंगाकडे बघायचं. छपाईत वापरलेल्या प्लेटवर शाईचा अंश उरतो, चेहऱ्याच्या छटा बारीक ठिपक्यांनी बनलेल्या दिसतात. आणि रंगाची भूमिका जुळली पाहिजे: पिवळ्या प्लेटवर निळं आकाश जवळजवळ कोरं असायला हवं, कारण आकाशाला पिवळा रंग फारसा लागतच नाही. लाल टोपी मात्र किरमिजी आणि पिवळ्या दोन्ही प्लेटांवर भरून दिसेल. हीच लाल टोपी निळ्या प्लेटवरही गच्च भरलेली असेल तर काहीतरी चुकतंय. छापलेलं कार्ड शेजारी ठेवून ही पडताळणी पाच मिनिटांत होते. नक्कल करणारे बहुतेक वेळा एकच फोटो चार रंगांत रंगवतात, त्यामुळे तिथेच सापडतात. पत्रा कापून त्यावर चित्र उमटवणं काही फार अवघड नाही, म्हणून हा भाग आम्ही कधीच टाळत नाही.

सहीचा विचार सगळ्यात नाजूक. कागद शाई पितो, ॲल्युमिनियम पीत नाही. पत्र्यावर केलेली सही वरच्यावर वाळते. खेळाडूसमोर प्लेटांची चळत ठेवली जाते, एक सही करून तो दुसरी घेतो. पहिली ओली असतानाच काही टेकलं तर शेपूट ओढल्यासारखा डाग पडतो. पेन मध्येच कोरडं गेलं तर अक्षर तुटक उमटतं. असले दोष कारखान्यातले असले तरी किंमत उतरतेच. आणि कोणत्याही परिस्थितीत सहीजवळचा डाग पुसायला जाऊ नये. मऊ कापडानेही नाही. अल्कोहोल लावलं तर डागाबरोबर सहीही जाते, आणि ती परत येत नाही. स्टिकरवरची सही टिकते बरी, पण स्टिकरच्या कडा पत्र्यावरून सुटतात, विशेषतः प्लेट उन्हात किंवा गाडीत राहिली तर. कडेखाली हवेचा बुडबुडा दिसला की समजावं, सुरुवात झाली.

चार रंगांपैकी कोणती घ्यावी? बहुतेकांना काळी हवी असते, कारण फोटोचा तपशील आणि छाया तिच्यात सगळ्यात जास्त उतरतात, चेहरा ओळखू येतो. पिवळीवर खेळाडू शोधावा लागतो. इथे आमचं मत थोडं वेगळं आहे. सहीच्या प्लेटमध्ये काळीचा गुण दोषही ठरतो. निळ्या शाईची सही गडद जर्सीवर पडली तर दोन हातांवरून दिसतच नाही. पिवळ्या प्लेटच्या फिक्या पत्र्यावर तीच सही लखलखीत उठते. म्हणून काळी घ्यायची तर सही मोकळ्या जागेवर पडली आहे का हे बघून. नाहीतर कमी भावात मिळणारी पिवळी चांगली. मागच्या बाजूच्या प्लेटा, ज्यांवर नुसती आकडेवारी आणि मजकूर असतो, त्या गुंतवणूक म्हणून घेऊच नयेत.

आता पैशांचा हिशेब, जो बहुतेक जण विकायची वेळ आल्यावर करतात. एडिसन किंवा जर्सी सिटीत राहणाऱ्या आपल्या माणसाने ३०० डॉलरची प्लेट घेतली असं धरू. न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के, म्हणजे सुमारे २०. टपालखर्च ५. खरेपणा तपासून प्लॅस्टिकच्या बंद कवचात घालून घेण्यासाठी जाण्यायेण्यासकट ४० धरा. झाले ३६५. वर्षभराने ४०० ला विकली. ईबेची फी साधारण १३ टक्के धरली तर ५२ गेले, विमा उतरवून पाठवायला १०. हातात आले ३३८. कागदावर शंभर डॉलर वाढलेली वस्तू प्रत्यक्षात २७ डॉलरच्या तोट्यात गेली. बरोबरीला यायला ती सुमारे ४३१ ला विकली जावी लागते, म्हणजे ३०० च्या वर जवळजवळ ४४ टक्के. शिवाय ईबेची फी गिऱ्हाईकाने भरलेल्या करावर आणि टपालखर्चावरही बसते, त्यामुळे खरा आकडा अजून थोडा वर. नफा झालाच तर अमेरिकेत एक वर्षाहून जास्त ठेवलेल्या संग्राह्य वस्तूंवरचा कर २८ टक्क्यांपर्यंत जातो, शेअरसारखा २० वर थांबत नाही. पावत्या जपून ठेवा. तपासणीचा आणि टपालाचा खर्च दाखवता आला नाही तर नफा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.

याच कारणाने शंभर-दीडशे डॉलरच्या प्लेटा गुंतवणूक म्हणून घेण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. तपासणीचा आणि टपालाचा खर्च वस्तूच्या किमतीबरोबर फारसा वाढत नाही, त्यामुळे लहान वस्तूवर त्याचा बोजा जास्त पडतो. आवडता खेळाडू म्हणून घ्यायची तर जरूर घ्या, भिंतीवर लावा. पैसे वाढावेत म्हणून घ्यायची तर अटी कडक ठेवाव्या लागतात: बोमनवर ‘फर्स्ट’चं चिन्ह असलेलं, म्हणजे खेळाडूचं पहिलं बोमन कार्ड, पुढची बाजू, सही थेट पत्र्यावर, फलंदाज, आणि भाव सोनेरी ५० च्या खाली. या पाचांत बसणाऱ्या प्लेटा वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच नजरेस पडतात. बाकीच्या वेळी तेवढ्याच पैशांत नारिंगी २५ चं सहीचं कार्ड घ्यावं. त्याचे सौदे वारंवार होतात, भाव कळतो, आणि विकायला काढलं की दोन आठवड्यांत जातं. प्लेटला योग्य गिऱ्हाईक मिळायला कधी कधी सहा महिने लागतात.

ते गिऱ्हाईक कोण असतं, हे कळलं की विक्रीही सोपी होते. प्लेट घेणारे दोन प्रकारचे. एक, एकाच खेळाडूची कार्डं जमवणारा. दुसरा, एका कार्डाचे सगळे रंग पुरे करणारा; अशा पुऱ्या संचाला तिथली मंडळी ‘रेनबो’ म्हणतात. दुसऱ्याला चारही प्लेटा लागतात, आणि चौथी प्लेट त्याच्यासाठी पहिल्या तिघींपेक्षा मोलाची असते. त्याच्याकडे तीन आहेत हे विकणाऱ्याला कळलं की भाव दुप्पट सांगितला जातो. तुम्ही स्वतः चारी जमवत असाल तर हे कोणाला सांगू नका, समूहात फोटो टाकू नका, चौथी हाती येईपर्यंत. चारी एकत्र विकताना मात्र त्या एका फोटोत, एकाच उजेडात, सायन-मॅजेंटा-यलो-ब्लॅक या क्रमाने मांडा आणि शेजारी छापलेलं कार्ड ठेवा. चार फिकट पत्र्यांतून एक पुरं चित्र कसं तयार झालं, हे त्या फोटोत दिसतं, आणि प्लेटचं खरं आकर्षण तेच आहे.

विकण्याचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी टाळावा. मैदान बंद असतं, लोकांचं लक्ष नसतं. घेण्यासाठी हेच महिने बरे. होतकरू खेळाडूला वरच्या संघात बोलावल्याची बातमी येते त्या दोन-चार दिवसांत मागणी सगळ्यात तापलेली असते. त्या वेळी प्लेट आधीच तपासून कवचात बंद असायला हवी, कारण तपासणीला पाठवलेली वस्तू परत यायला आठवडे जातात आणि तोवर तो खेळाडू सलग वीस वेळा बाद झालेला असू शकतो.

मधल्या काळात प्लेट ठेवायची कशी, हेही नीट सांगायला हवं. आधी पातळ पॉलिप्रोपिलीनचं पाकीट, मग ३५ पॉइंट जाडीच्या कार्डासाठीचा टॉपलोडर, म्हणजे वरून उघडं असलेलं कडक प्लॅस्टिकचं आवरण. पत्रा कार्डापेक्षा पातळ असल्यामुळे टॉपलोडरमध्ये हलतो आणि त्याची धार प्लॅस्टिकवर घासते. पाकिटामुळे ते थांबतं. पीव्हीसीचं मऊ पाकीट वापरू नका, ते कालांतराने चिकट होतं आणि सहीला धरून बसतं. मुंबई, कोकण किंवा गोव्यात ठेवायची असेल तर हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पुडी हवीच. खाऱ्या दमट हवेत ॲल्युमिनियमच्या उघड्या कडांवर पांढरी भुकटी येते. पुडी दर पावसाळ्याआधी बदलायची.

पाठवताना टॉपलोडरच्या तोंडाला चिकटपट्टी थेट लावू नये, ती काढताना गिऱ्हाईक ओढाताण करतो आणि कोपरा वाकतो. टॉपलोडर बंद होणाऱ्या पिशवीत, पिशवी दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, पुठ्ठे चारही बाजूंनी टेपने पक्के, आणि हे सगळं खोक्यात. नुसत्या लिफाफ्यात नको, कारण टपालखात्याची छाननी यंत्रं लिफाफे रोलरमधून वाकवून नेतात आणि वाकलेला पत्रा वाकलेलाच राहतो. खोकं बंद करण्याआधी प्लेटचा दोन्ही बाजूंचा फोटो आणि कवचावरचा क्रमांक टिपून ठेवावा. माल परत आला तर तीच प्लेट परत आली का, हे त्यावरूनच ताडून बघता येतं.